मोटारहोममध्ये पाणी भरत राहण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न: कोल्हापूर परिसरातल्या लांब मुक्कामासाठी

आम्ही दोघं नवरा-बायको कोल्हापूरचे. आमची मोटारहोम, म्हणजे राहायची सोय असलेली गाडी, ट्रॅव्हलर व्हॅनच्या चासीवर बांधून घेतलेली, पाण्याची टाकी १०० लिटरची. पन्हाळ्याच्या उतारावर, गगनबावड्याकडे, दाजीपूरच्या बाजूला आम्ही एका जागी आठ-दहा दिवस, कधी पंधरा दिवससुद्धा राहतो. गाडी बघायला येणारी माणसं आधी पलंग आणि गॅस बघतात, पण स्वतःची गाडी करायच्या विचारात असलेली माणसं पाण्याचंच विचारतात. त्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

शंभर लिटरची टाकी किती दिवस पुरते?

कॅम्पसाइटच्या न्हाणीघरात अंघोळ केली तर आम्हा दोघांना दिवसाला २५ ते ३० लिटर लागतात. गाडीतच अंघोळ केली तर ४५ पर्यंत जातं. म्हणजे तीन दिवस, नाहीतर दोन. सोबत पोरं असतील तर टाकी रोजच भरायची असं धरून चाला. सगळ्यात जास्त पाणी भांडी खातात. तांबड्या रश्श्याचं पातेलं आधी कागदानं किंवा भाकरीच्या तुकड्यानं पुसून घेतलं तर दोन माणसांची भांडी पाच लिटरमध्ये होतात, न पुसता घासली तर दुप्पट लागतं. आमच्या आकड्यांवर मात्र विसंबू नका. टाकी काठोकाठ भरा, घरी वागता तसंच वागा आणि पाणी अर्ध्यावर यायला किती तास लागले ते वहीत लिहून ठेवा.

टाकी संपल्यावर भरायची की रोज थोडी थोडी?

रोज. या पानावरचं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. आमचा नियम असा की टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही आणि सकाळी चहाच्या आधी दोन जार ओतायचे.

याला कारणं आहेत. आपल्याकडे नळाला पाणी चोवीस तास नसतं. बऱ्याच गावांत ते ठरलेल्या वेळी येतं, उन्हाळ्यात एक दिवसाआड येतं, आणि वीज गेली की तेही नाही. तुमची टाकी नेमकी त्या दिवशी कोरडी झाली तर संध्याकाळी साबण लावलेल्या हातांनी शेजारच्या तंबूत बादली मागायला जावं लागतं. दुसरं म्हणजे तळाशी बसलेला गाळ. टाकी पार खाली गेली की पंप तोच ओढतो आणि त्याची जाळी तुंबते. तिसरं कारण क्लोरीनचं. बंद टाकीतसुद्धा, त्यातून उन्हात, पाण्यातला क्लोरीन एक-दोन दिवसांत उतरतो. रोज ताजं पाणी पडत राहिलं की टाकीचा वास बिघडत नाही.

गाडी न हलवता पाणी आणायचं कसं?

लांब मुक्कामात खरी अडचण हीच. गाडीच्या बाजूचं सावलीचं कापडी छत बाहेर ओढलेलं असतं, चाकांना ठोकळे लावलेले असतात, दाराशी चटई, दोरीवर कपडे. पाण्यासाठी एवढा सगळा पसारा आवरून गाडी नळापाशी न्यायची आणि परत आणून लेव्हल करायची म्हणजे तास गेला. शिवाय सावलीची जागा तेवढ्यात दुसरा कोणी धरतो.

रोजच्या फेरीला आम्ही २० लिटरचे दोन जार आणि एक छोटी ढकलगाडी वापरतो. जार निळे किंवा पांढरे, आरपार न दिसणारे घ्यावेत, पारदर्शक जारात उन्हानं शेवाळ धरतं. भरलेला जार २० किलोच्या वर जातो. चाळिशीपुढच्या माणसानं दोन्ही हातांत दोन जार घेऊन चढ चढू नये. आमच्या घरात कंबर धरली ती अशीच, आणि त्यानंतरचे चार दिवस मुक्काम पलंगावरच झाला. ढकलगाडी नसेल तर जार अर्धा भरा आणि दोन फेऱ्या जास्त मारा.

जार गाडीपाशी आला की तो टाकीत ओतायचा कसा, हा पुढचा प्रश्न. भरायचं तोंड बहुतेक गाड्यांना कंबरेच्या उंचीवर असतं. तिथवर जार उचलून नरसाळ्यात ओतताना निम्मं पाणी पायावर येतं. त्यापेक्षा १२ व्होल्टचा छोटा पाण्यात बुडणारा पंप घ्या. तो जारात सोडायचा, त्याची नळी टाकीच्या तोंडात द्यायची आणि वायर गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटला लावायची. २० लिटर दोन-तीन मिनिटांत वर जातात. पंप नवा कोरा आणि फक्त याच कामाचा असावा. कूलरमधला काढून वापरू नका.

कॅम्पसाइटचा नळ पंचवीस-तीस मीटरच्या आत असेल तर सरळ नळी ओढा. पण इतरांच्या वाटेत ती रात्रभर पडू देऊ नका, भरून झालं की गुंडाळा.

कोणती नळी घ्यावी? बागेची चालते का?

बागेची नको. हिरवी नळी दुपारभर उन्हात पडते, तिच्यात राहिलेलं पाणी चहाइतकं गरम होतं आणि प्लास्टिकचा वास धरतं. आम्ही पहिल्या वर्षी तीच वापरली होती. आठवडाभर भातालासुद्धा रबराचा वास येत होता आणि टाकी तीनदा धुतल्यावर गेला. दुकानात ‘फूड ग्रेड’ म्हणून मागा. दूध डेअरीचं सामान विकणाऱ्या दुकानांत अशी नळी मिळते, आणि आपला जिल्हा दुधाचा असल्यानं ती शोधायला फार फिरावं लागत नाही. वापरून झाल्यावर पूर्ण निथळवा आणि दोन्ही टोकं एकमेकांत अडकवून बंद करा, म्हणजे आत मुंग्या-गोगलगायी जात नाहीत.

नळाला आमची नळी बसतच नाही. काय जवळ ठेवावं?

आपल्याकडचे नळ बहुतेक अर्धा इंची किंवा पाऊण इंची, पण आटे असतीलच असं नाही. कुठे पितळी चावी असते, कुठे प्लास्टिकची, आणि कुठे नुसती तोटी, जिच्यावर लोक सायकलची ट्यूब बांधून काम भागवतात. अर्ध्याचं पाऊण करणारा जोड, दोन स्टीलच्या क्लिपा, टेफ्लॉन टेप, आणि बिनआट्याच्या नळावर चढवायचा रबरी जोड एवढं डब्यात ठेवा. आमच्या गाडीच्या पाणी भरायच्या तोंडाचा आटा आपल्याकडे न चालणाऱ्या मापाचा होता, त्याला जोड कुठेच मिळेना. शेवटी कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरात एका लेथवाल्यानं पितळेचा वळवून दिला, नमुना हातात घेऊन बघितला आणि तासाभरात काम. गाडी परगावाहून बांधून आणलेली असेल तर मुक्कामाला निघण्याआधी उद्यमनगरात एक चक्कर मारा.

नळाचा दाब जास्त असला तर गाडीतले पाइप फुटतील का?

गाडीची टाकी भरताना हा धोका नाही, कारण पाणी उघड्या तोंडातून पडतं. नळ थेट गाडीच्या आतल्या पाइपांना जोडायची सोय असेल तर दाब कमी करणारी झडप लावाच. आपल्याकडच्या कॅम्पसाइटवर मात्र उलट तक्रार असते. दहा मीटर उंचीवरच्या पाण्याचा दाब साधारण एक बार. न्हाणीघराच्या छतावरची टाकी चार मीटरवर असली तर नळाशी अर्धा बारसुद्धा येत नाही. अशा ठिकाणी १०० लिटर भरायला अर्धा तास लागू शकतो. घाई करू नका, आणि गावच्या लाइनीला कधीही मोटर लावून पाणी ओढू नका. ते शेजाऱ्यांच्या तोंडचं पाणी असतं.

नळी टाकीत सोडून जरा इकडेतिकडे गेलं तर चालेल ना?

नाही. पाणी वाहून जाईल हे एक कारण आहेच. त्याहून मोठं कारण कमी लोकांना ठाऊक असतं. ठरावीक वेळेच्या पुरवठ्यात वरून पाणी बंद झालं की उताराच्या लाइनीत पोकळी होते आणि ती उलटं ओढायला लागते. तुमच्या नळीचं टोक टाकीतल्या पाण्यात बुडालेलं असेल तर टाकीतलं पाणी गावच्या लाइनीत जातं. टाकी स्वच्छ असो वा नसो, ते कोणाच्या तरी घागरीत पडणार. म्हणून टोक तोंडापाशी, पाण्याच्या पातळीच्या वर राहील असं धरा आणि भरेपर्यंत तिथेच उभे राहा.

तसंच नळाला पाणी आल्या आल्या पहिली पाच मिनिटं नळी लावू नका. पाइपात अडकलेला गाळ आणि गंज आधी येतो. ते पाणी बादलीत घ्या, पाय धुवायला, चटया धुवायला होतं.

पाणी चांगलं आहे हे ओळखायचं कसं?

आधी विचारा. नदीचं आहे, विहिरीचं की बोअरचं? टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, कधी टाकलं? पाणी सोडणाऱ्या मामांना हे सगळं तोंडपाठ असतं आणि विचारल्याचा त्यांना राग येत नाही, उलट बरं वाटतं. कागदोपत्री त्यांचं पद जलसुरक्षक. त्यांच्याकडे बहुधा ओटी टेस्टचं किट असतं. नमुन्यात थेंब टाकले आणि पिवळा रंग आला तर पाण्यात क्लोरीन आहे. रंग आलाच नाही तर आपण सावध व्हायचं. तपासलेला नमुना फेकून द्यायचा, प्यायचा नाही. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे नळाशी लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असावा.

ग्रामपंचायतीत अजून एक गोष्ट विचारता येते. महाराष्ट्रात गावाच्या पाण्याच्या स्रोतांची वर्षातून दोनदा स्वच्छता पाहणी होते आणि जोखमीप्रमाणे लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. सलग पाच वर्षं हिरवं राखणाऱ्या गावाला चंदेरी. लाल कार्डाच्या गावात आम्ही टाकी भरत नाही, पुढच्या गावातून जार आणतो.

चवीचं म्हणाल तर जिल्ह्याच्या दोन बाजू वेगळ्या. पश्चिमेकडे, राधानगरी-भुदरगड-गगनबावड्याला, पाणी हलकं, साबणाला फेस भरपूर. पूर्वेला शिरोळ-हातकणंगल्याकडे बोअरचं पाणी पुष्कळ ठिकाणी जड. क्षारपड जमिनीचा प्रश्न त्या बाजूला जुनाच आहे. जड पाण्यानं लगेच आजारी पडत नाही, पण गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो. खिशातलं टीडीएस मीटर ५०० च्या आत दाखवत असेल तर ठीक, पण ते मीटर फक्त विरघळलेले क्षार मोजतं. त्याच्यावर आकडा छान दिसला म्हणून पाण्यात जंतू नाहीत असं समजू नका. ही चूक शिकलेली माणसंच जास्त करतात.

टाकीत टीसीएल टाकलं तर चालेल का? किती टाकायचं?

गावात १००० लिटरला ५ ग्रॅम असं माप सांगतात आणि ते बरोबर आहे. पण १०० लिटरला अर्धा ग्रॅम होतो. तो चिमटीनं मोजता येत नाही आणि पावडरीतला चुना टाकीच्या तळाशी बसतो. छोट्या टाकीला द्रावण सोयीचं. सुगंध न घातलेलं, रंग नसलेलं ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट घ्या आणि १०० लिटरला ४ मिलिलिटर टाका. औषधाची सिरिंज यासाठी उत्तम. टाकून अर्धा तास थांबायचं, मगच नळ सोडायचा. रोज २० लिटरचे जार ओतत असाल तर जारातच ०.८ मिलिलिटर टाकून मग ओता. नळाच्या पाण्यात आधीच क्लोरीन असेल तर हे करायची गरज नाही.

बाटलीवरची तारीख बघा. हायपोक्लोराइट जुनं झालं, त्यातून उन्हात राहिलं, की त्याचा जोर उतरतो. गेल्या वर्षीची बाटली या वर्षी नुसतं पाणीच समजा.

टाकीला वास येतोय. आता काय?

ती रिकामी करा, झाकण उघडून हात घालून आत बघा. भिंती बुळबुळीत लागल्या तर ब्रशनं घासायला पर्याय नाही. मग टाकी स्वच्छ पाण्यानं भरा आणि वरचंच द्रावण लिटरला १ मिलिलिटर टाका, म्हणजे १०० लिटरला १०० मिलिलिटर. कोळशाचं फिल्टर असेल तर त्याचं काडतूस आधी काढून ठेवा. गिझर बंद ठेवून प्रत्येक नळ, गरम आणि गार दोन्ही, क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडा, म्हणजे पाइपही धुतले जातात. चार तास तसंच राहू द्या. टाकी स्टीलची असेल तर रात्रभर ठेवू नका, क्लोरीन स्टीलला खातो. मग सगळं काढून दोनदा खंगाळा. हे पाणी ओढ्यात सोडू नका, मासे मरतात. टॉयलेट क्लीनर किंवा कुठलंही ॲसिड हायपोक्लोराइटच्या जवळही आणू नका, विषारी वायू होतो.

आम्ही हे दर तीन महिन्यांनी करतो, आणि गाडी दोन आठवडे उभी राहिली असेल तर निघण्याआधी.

टाकीतलं पाणी प्यावं का?

आम्ही पीत नाही. स्वयंपाकाला, भांड्यांना, अंघोळीला टाकी आणि पिण्यासाठी तोटी असलेला वेगळा जार. त्यात उकळून गार केलेलं पाणी. एका कॅम्पसाइटवर, नाव घेत नाही, मालकांनी खात्रीनं सांगितलं म्हणून टाकीतलं प्यायलो आणि दोघंही तीन दिवस सलाईनपर्यंत पोचलो. त्यानंतर हा नियम मोडलेला नाही. फिल्टर लावायचंच असेल तर ते टाकीच्या पुढे, स्वयंपाकाच्या नळापाशी लावा. टाकीच्या आधी लावलं तर कोळसा क्लोरीन काढून टाकतो आणि टाकीत बिनसंरक्षणाचं पाणी साठतं.

पावसाळ्यात गढूळ पाणी येतं, तेव्हा?

जून-जुलैत गगनबावड्याच्या बाजूला नळाचं पाणी चहासारखं येतं. असं पाणी थेट टाकीत घालू नका. गाळाच्या कणांआड जंतू लपतात आणि क्लोरीनही त्या गाळातच खर्ची पडतो. बादलीत तुरटी फिरवा, तीन-चार तास निवळू द्या, वरचं पाणी चार पदरी सुती कापडातून जारात गाळा, मग क्लोरीन. तुरटी बादलीतच फिरवायची, टाकीत नाही. छताच्या कडेवरून पडणारं पावसाचं पाणी आम्ही बादल्यांत धरतो, बूट आणि चटया धुवायला. तेवढ्यानं टाकीचं रोज दहा लिटर वाचतं.

पूर आला तर पाणी मिळतं का?

२०१९ च्या आणि २०२१ च्या पुरात जे शहरात होते त्यांना वेगळं सांगायला नको. चहूकडे पाणी आणि नळ कोरडे, कारण उपसा केंद्रंच पाण्याखाली गेली होती. महामार्ग शिरोलीपाशी बंद. हंडे घेऊन टँकरमागे लागलेल्या रांगा आम्ही आमच्या गल्लीत पाहिल्या आहेत, त्या रांगांत आम्हीही उभे होतो. म्हणून पावसाळ्यात नदीकाठी मुक्काम असेल तर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी रोज बघा. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. पातळी ३५ च्या पुढे चढती दिसली की आम्ही टाकी आणि सगळे जार भरतो आणि गाडी वर काढतो. पूर ओसरल्यावर पहिले काही दिवस नळाचं पाणी उकळल्याशिवाय कशालाच वापरू नका, दात घासायलासुद्धा.

टँकर मागवला तर?

पाच-सहा गाड्या एकत्र असतील तरच परवडतं. पाणी कुठून भरलं ते ड्रायव्हरला विचारा, टँकरच्या आत डोकावा, आणि क्लोरीन स्वतः टाका. टँकरची जाड नळी आपल्या टाकीत घालू देऊ नका, ती दिवसभर रस्त्यावर लोळलेली असते. आधी ड्रममध्ये घ्या.

गावात टंचाई असताना आपण टाकी भरणं बरं दिसतं का?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. आम्हाला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

एप्रिल-मे महिन्यात डोंगरातल्या वाड्यांवर बायका पहाटे झऱ्यावर घागरी लावून बसतात. त्याच झऱ्यावर आपण १०० लिटरची टाकी भरायला पाइप घेऊन जायचं नाही, कितीही गोड बोलून परवानगी मिळत असली तरी. आपली माणसं पाहुण्याला पाण्याला नाही म्हणत नाहीत, म्हणून तर आपण आधी विचार करायचा. एकदा भर मे महिन्यात वाडीतल्या एका मावशींनी आम्हाला न मागता कळशी आणून दिली. नंतर कळलं, त्यांच्या घरी त्या दिवशी दोनच कळशा आल्या होत्या. तेव्हापासून उन्हाळ्यात वर जाताना आम्ही तालुक्याच्या गावातूनच टाकी आणि चार जार भरून नेतो, वर फक्त पिण्यापुरतं मागतो.

कोल्हापूरचं पाण्याशी नातं जुनं आहे. मंगळवार पेठेत एका भागाचं नावच ‘पाण्याचा खजिना’ आहे. शाहू महाराजांनी राधानगरीचं धरण बांधायला घेतलं म्हणून आज जिल्हा हिरवा दिसतो. पण धरणाच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या वाड्यांना उन्हाळ्यात त्याच पाण्यासाठी चालावं लागतं, हे गाडीच्या काचेतून दिसत नाही.

काटा भरलेली टाकी दाखवतो, पण नळाला पाणी येत नाही. का?

गाडी तिरकी उभी असेल. टाकीतला सेन्सर एका कोपऱ्यात असतो आणि पंपाचं तोंड दुसऱ्या. आधी लेव्हल बघा. पंप धडधडतोय पण पाणी येत नसेल तर ओढ नळीत हवा शिरली आहे. सगळे नळ उघडून एक-दोन मिनिटं चालवा. तरीही नाही आलं तर पंपाआधीची जाळी काढून धुवा, दहातल्या आठ वेळा दोष तिथेच असतो. भरताना पाणी उलटं उसळून येत असेल तर टाकीची हवा जायची बारीक नळी तुंबली आहे. तिच्यात कुंभारमाशी घर करते. ती मोकळी केल्याशिवाय जोरात पाणी सोडू नका, टाकी फुगते.

टॉयलेट धुवायला तीच नळी वापरली तर?

कधीही नाही. वेगळी नळी, वेगळ्या रंगाची, वेगळ्या कप्प्यात. आणि टॉयलेटची पेटी पिण्याच्या नळाखाली धुवायची नाही, नंतर कोणीही बघणारं नसलं तरी.

वापरलेल्या पाण्याचं काय?

जेवढं आत घालाल तेवढंच बाहेर येणार, त्यामुळे रोज भरणाऱ्यानं सांडपाण्याची टाकीही रोज काढावी. मालकांना विचारून नेमलेल्या खड्ड्यात ओता. दाजीपूर अभयारण्याच्या परिसरात जमिनीवर साबणाचं पाणी टाकू नका, तिथले ओढे गव्यांचं पिण्याचं पाणी आहेत.

मुक्काम संपल्यावर टाकी भरून निघावं की रिकामी?

पाणी लिटरला एक किलो. भरलेली टाकी आणि चार जार म्हणजे गाडीत १८० किलो जास्तीचं वजन, तीन माणसांइतकं. करूळ किंवा फोंडा घाट उतरताना ते ब्रेकवर येतं. पुढच्या ठिकाणी पाणी आहे हे फोनवर पक्कं झालं असेल तर आम्ही २०-२५ लिटर ठेवून बाकीचं तिथल्याच झाडांना घालतो. पक्कं नसेल तर भरून निघतो, सगळे जार मागच्या चाकांच्या पुढे जमिनीवर पट्ट्यानं आवळतो आणि घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरतो.